चार वक्ते नकोत, एक खांब पुरे

तालुक्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "बहिःशाल योजनेतून आमच्या विभागाला लोकांसाठी खुला असा तीन दिवसांचा कार्यक्रम घ्यायचा आहे. विषय मराठवाड्यातले धर्म, पंथ आणि त्यांचा एकमेकांशी आलेला संबंध. प्राचार्य म्हणतात, सर्वधर्म परिषद घ्या. मला दोन भीती आहेत. एक, वाद होईल. दुसरी, कुणी येणारच नाही. सर, तुम्ही हे वर्षानुवर्षं केलंय. सुरुवात कुठून करू?"

मॅडम, तुमची दुसरी भीती जास्त खरी आहे. वाद व्हायला आधी माणसं यावी लागतात.

माझा पहिला कार्यक्रम १९९३ च्या हिवाळ्यातला. आदल्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली, ते सगळ्यांच्या मनात ताजं होतं, आणि जिकडेतिकडे सलोख्याचे कार्यक्रम चालले होते. आम्हीही मंडप घातला. मंचावर एक महाराज, एक मौलाना, एक भंते, एक फादर. दीपप्रज्वलनाच्या वेळी मौलाना मेणबत्ती हातात घेऊन अवघडून उभे राहिले. लावावी की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि आम्ही आधी विचारलेलं नव्हतं. मग स्वागत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यात दीड तास गेला. नंतर चौघं बोलले. आमचा धर्म शांती शिकवतो, प्रेम शिकवतो, माणुसकी शिकवतो. चौघांची भाषणं अदलाबदल केली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. तीन वाजेपर्यंत पोरं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पसार. मंडपवाला आणि मी तेवढे जागे. अहवालात मी लिहिलं, "कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला."

असे आणखी दोन-तीन कार्यक्रम केले. मग एकदा काहीच जमेना म्हणून तिसेक विद्यार्थ्यांना एसटीनं देवगिरीला नेलं. किल्ल्याच्या आवारात जुनी जामा मशीद आहे, आज तिथे भारतमातेचं मंदिर आहे. एका पोरानं खांबावर हात ठेवून विचारलं, "सर, हे खांब देवळाचे हायेत का?" मी म्हटलं, "हो." सगळे गप्प झाले. मग एकेक प्रश्न निघत गेला. खांब कोरले कुणी? उचलून आणले कुणी? आणणारे आणि कोरणारे एकाच जातीचे असतील का? पुढे ही मशीद मशीद राहिली नाही ती का? दीड तास आम्ही एका खांबापाशी उभे होतो, आणि कुणी पळून गेलं नाही.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते सगळं त्या खांबापाशी आहे. धर्मावर कार्यक्रम घेऊ नका. एखादी वस्तू, एखादी जागा, एखादा कागद मधे ठेवा आणि त्याच्याभोवती माणसं बसवा. धर्म आपोआप येतो, आणि जसा होता तसा येतो.

आता तुमची पहिली भीती. "देवळं पाडली की नाही ते सांगा" हा प्रश्न येणारच. आपली प्राध्यापक मंडळी तिथे घसा खाकरतात आणि "तो काळ वेगळा होता" म्हणून पुढे सरकतात. पोरांना ते लगेच कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याही वाक्यावर त्यांचा विश्वास राहत नाही. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये चालून आला. ही मशीद १३१८ ची, कुतुबुद्दीन मुबारकशहाच्या वेळची, आणि तिला जुन्या देवळांचे खांब वापरले आहेत. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. तिन्ही गोष्टी एकाच छताखाली दिसतात. तिन्ही सांगायच्या. एक सांगून दोन झाकल्या की आपण इतिहासाचे शिक्षक राहत नाही.

हो म्हणायचं तिथे हो म्हणायचं. आणि माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं, कारण गावोगावच्या प्रत्येक पिराखाली देऊळ आणि प्रत्येक देवळाखाली विहार असल्याच्या गोष्टी लोक छातीठोकपणे सांगतात. यासाठी मी फळ्यावर तीन रकाने आखायचो: दगड काय सांगतो, कागद काय सांगतो, गाव काय सांगतं. जे काही कुणी बोलेल ते त्या त्या रकान्यात लिहायचं. खोडायचं काहीच नाही. गावानं सांगितलेली गोष्टही इतिहासाचा भाग असतेच, फक्त तिला दगडाच्या रकान्यात बसू द्यायचं नाही. तेरच्या त्रिविक्रम मंदिरापाशी हे फार छान जमतं. विटांची ती गजपृष्ठाकार वास्तू पाहून काही अभ्यासकांनी ती मुळात बौद्ध चैत्यगृह असावी असं मत मांडलंय. आज तिथे पूजा होते. मी एका बाजूला आराखडा काढायचो, दुसऱ्या बाजूला पुजाऱ्यांना बोलू द्यायचो. गोरोबाकाकांच्या गावात सातवाहनकाळात परदेशांशी व्यापार चालायचा, तगर म्हणून या गावाचं नाव ग्रीक खलाशाच्या नोंदीत आहे, तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू ठेवल्यात. हे ऐकल्यावर गावातल्या लोकांचा चेहरा बघायला पाहिजे.

हे रकाने आखायला वक्ता मोठा असावा लागत नाही. तुमच्या विभागातला सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारा, तरुण मुलगा हे उत्तम करील. बहुतेक वेळा तोच करतो.

संभाजीनगरकडची मंडळी बरोबर असतील तर एक रस्ता पुरतो. शहरातून निघा, देवगिरी, मग खुलदाबाद, मग वेरूळ. सगळं तीसेक किलोमीटरच्या आत आहे. देवगिरीवर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीचे किल्लेदार होते. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींना उपदेश सूफी मानल्या जाणाऱ्या चांद बोधल्यांकडून मिळाला, आणि स्वामींच्या मानासाठी गुरुवारी किल्ल्याला सुटी असे. दुसरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात टाका. खुलदाबादला बुर्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी या चौदाव्या शतकातल्या सूफींचे दर्गे आहेत, मलिक अंबरची कबर आहे, आणि त्याच गावात निजलेला भद्रा मारुती आहे. औरंगजेबाची कबरही तिथेच. तिच्यासाठी म्हणून सहल काढू नका, आणि कुणी विचारलं तर टाळूही नका. वेरूळला पोचलात की घृष्णेश्वरापाशी मालोजी भोसल्यांचं नाव काढा. त्यांच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ती ठेवली अशी परंपरा आहे. शिवरायांच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं नाव असं पडलं, हे ऐकून गाडीत अर्धा तास चर्चा चालते. मी फक्त ऐकत बसायचो.

वेरूळच्या लेण्यांबद्दल मात्र एक वाक्य कृपया बोलू नका: "इथे तीन धर्म गुण्यागोविंदानं नांदले." चौतीस लेणी, त्यात १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, हे पाठ करून घेण्यानं काही होत नाही. गुण्यागोविंदानं नांदले की नाही हे दगड सांगत नाही. दगड सांगतो की एकाच डोंगरात, काही काळ तर शेजारी शेजारी, काम चाललं होतं. पंधराव्या लेण्याची सुरुवात बौद्ध विहार म्हणून झाली असावी असं अनेक अभ्यासक मानतात, आणि पुढे तिथे दंतिदुर्ग राष्ट्रकूटाचा लेख आहे. मग विचारा: पैसा कुणाचा होता? छिन्नी धरणारे हात बदलले का, की तेच राहिले? भिक्खू गेले तर का गेले? मुलं स्वतः उत्तरं शोधतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला मुक्कामाला होते, लीळाचरित्रात ते येतं. म्हणजे या डोंगराला महानुभावांचीही आठवण आहे, आणि ती पाटीवर कुठेच नाही. (वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. आम्ही एकदा मंगळवारी चाळीस पोरं घेऊन गेटवर उभे होतो. तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.) आणखी एक: चालत जाऊन खांबापाशी बोलणं निराळं, आणि माइक, मंडप, कार्यक्रम निराळा. दुसऱ्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची लेखी परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो.

चर्चा चालवायची कशी, हे मी नागसेनवनाकडून शिकलो. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नागसेनवन. ही नावं उगाच नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्खू, आणि त्यांचा संवाद म्हणजे मिलिंदपञ्ह. राजा म्हणतो, माझ्याशी वाद करशील का? नागसेन म्हणतो, पंडितवाद करणार असशील तर करीन, राजवाद करणार असशील तर नाही. पंडितवादात मुद्दा उलगडतात, गुंडाळतात, चूक निघाली तर कबूल करतात, आणि रागावत नाहीत. राजवादात राजा एक गोष्ट मांडतो आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा करतो. मी प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला, दीपप्रज्वलनाच्या जागी, एवढा एकच प्रसंग वाचून दाखवायचो. पाच मिनिटं लागतात. नंतर कुणी आवाज चढवला की मागच्या बाकावरून पोरगी ओरडायची, "राजवाद, राजवाद!" सगळे हसायचे, आणि ज्याचा आवाज चढला तोही हसायचा.

त्याच्या जोडीला एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद घ्या. दोन विद्यार्थ्यांनी दोन आवाजांत वाचायचा. चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या माणसानं लिहिलेलं आहे, आणि त्यात दोघं एकमेकांच्या देवावर, पूजेवर, खाण्यापिण्यावर सरळ वार करतात. शेवटी एकमेकांना भेटतात, पण आधी पुरतं भांडून. नाथांनी भांडण गाळलं नाही. आपण कशाला गाळायचं?

प्राचार्यांच्या "सर्वधर्म" या शब्दाला माझी दुसरी हरकत आहे. तो शब्द आला की चार खुर्च्या येतात आणि चार खुर्च्यांत मराठवाडा मावत नाही. बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी येणारे लिंगायत कुठल्या खुर्चीत बसवणार? महानुभाव? कुंथलगिरीला जाणारे जैन, जिथे आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेतली? जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल गावातले ख्रिस्ती? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, हिंदू-मुसलमान एवढंच धरून बोललं की जात सुटते. आपल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, आणि नाव प्रत्यक्ष यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ते भांडण दोन धर्मांतलं नव्हतं, तरी ज्या माणसांनी १९५६ नंतर धर्म बदलला त्यांना त्याची सगळ्यात जास्त झळ लागली. विविधतेवर बोलताना हे मधे येणारच. मी एकदा ते बाजूला ठेवून कार्यक्रम आखला होता. मध्यंतरात एक विद्यार्थी चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "सर, यात आम्ही कुठं आहोत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी आखणीच्या बैठकीला त्यालाच बोलावलं.

तीन दिवसांपैकी एक संध्याकाळ गाण्याला द्या. मी सांगतो तो बेत नांदेड-हिंगोलीकडे सहज जमतो, तुमच्याकडेही जमेल. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानलं जातं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात त्यांच्या नावानं नांदणारं घुमान, तिथे २०१५ मध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. आणि गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो नांदेडला, १७०८ मध्ये. म्हणजे नरसीचा माणूस पंजाबात पोचला आणि पंजाबचे गुरू गोदेकाठी आले. हे भाषणात सांगितलं की लोक माना डोलावतात आणि विसरतात. आम्ही गावचं भजनी मंडळ बसवलं, पखवाज-टाळ घेऊन नामदेवांचे अभंग म्हणायला, आणि नंतर गुरुद्वाऱ्याच्या रागी जत्थ्यानं त्याच नामदेवांचे शबद गायले. निवेदन शून्य. दुसऱ्या शबदाला आमच्या विणेकरी बुवांनी नकळत टाळ धरला. रागींनी वळून पाहिलं आणि लय थोडी उतरवून घेतली, बुवांना जमेल अशी.

पण त्यासाठी आधी गुरुद्वाऱ्यात जाऊन बसावं लागतं. कीर्तन म्हणजे त्यांच्यासाठी करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. डोकं झाकलेलं हवं, पायात चपला नकोत, आसपास तंबाखू-गुटखा नको, आणि त्याच मंचावर आधी-नंतर नाच नको. ग्रंथसाहिब "आणून ठेवा" अशी विनंती तर करूच नका. आमच्या सांस्कृतिक विभागानं त्याच मंचावर लावणी ठेवली होती. ती मी आदल्या रात्री दुसऱ्या दिवशी सरकवली, आणि विभागप्रमुख आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कागदांचं प्रदर्शन ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गर्दी खेचणारी गोष्ट. "घरचे जुने कागद घेऊन या" एवढंच जाहीर करा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे कुठल्याही जातीधर्माच्या घरात आजोबांचा उर्दू शाळेचा दाखला निघतो, मोडी रोजकीर्द निघते, फसली, म्हणजे निजामकाळच्या महसुली, सनातल्या पावत्या निघतात. फसली सनात ढोबळमानानं ५९० मिळवले की इसवी सन येतो, एवढं टेबलावर लिहून ठेवा, लोक तासभर बेरजा करत बसतात. उर्दू वाचणारे दोन आणि मोडी वाचणारा एक माणूस मिळवा. उर्दू वाचणाऱ्यांत निदान एक जुना हिंदू आजोबा आणि मोडीकडे शक्य तर एखादी मुसलमान विद्यार्थिनी बसवा. सलोखा हा शब्द न उच्चारता जे व्हायचं ते होतं. मी एकदा ऐंशीच्या घरातल्या देशमुखांना उर्दू वाचायला बसवलं होतं. त्यांच्यासमोर रांग लागली ती मुसलमान पोरांची. आपल्याच पणजोबांचा कागद वाचून घ्यायला.

इथे एक धोका आहे, आणि तो वादाच्या भीतीपेक्षा मोठा आहे. देवळाची, दर्ग्याची, मठाची इनामं, खिदमतमाशच्या, म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेल्या, जमिनी, यांचे कागद नुसते जुने नाहीत, ते आजही कोर्टात चालू आहेत. मुसलमान सुभेदारानं देवळाला दिलेली सनद सापडली की आपल्याला वाटतं, वा, काय उदाहरण! पण जो ती घेऊन आला त्याच्या भावकीत त्या जमिनीवरून फौजदारी चालू असते. म्हणून मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही. मोबाइलवर फोटो काढा, कागद तिथल्या तिथे परत, आणि लावण्याआधी लेखी संमती. गट नंबर, सर्व्हे नंबर, हिस्सेदारांची नावं झाका. मी हे एकदा केलं नाही. एका घराण्यानं मला दोन वर्षं तारखेला साक्षीदार म्हणून बोलावलं.

आठवणी गोळा करायच्या तर मोहरमपासून सुरू करा. आपल्याकडे कित्येक गावांत सवारी, म्हणजे मोहरमचा पंजा, धरणारं घर हिंदूचं असतं, नवस बोलणारे सगळ्या जातींचे असतात, आणि काही ठिकाणी तर गावात एकही मुसलमान घर नसताना पीर बसतो. परभणीला तुराबुल हक यांच्या उरुसाला, किंवा कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्याला जाऊन नुसतं उभं राहा, नारळ कोण कोण घेऊन येतं ते दिसतं. पण सवारी धरणाऱ्या म्हाताऱ्याला मंचावर बोलावू नका. शाल घातली की तो "आमच्या गावात सगळे भाऊभाऊ आहेत" एवढं बोलून बसतो. पारावर सतरंजी टाका, मुलांना वह्या घेऊन बसवा, आणि "सवारीचा मान तुमच्या घरात कसा आला?" हा एकच प्रश्न विचारा. मान कसा आला हे सांगताना मान कुणाचा गेला हेही येतं. कुठल्या वर्षी कुणी यायचं बंद केलं, तेही येतं. दोन म्हातारे दोन गोष्टी सांगतील. दोन्ही लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी हेच केलं होतं. स्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन विचारलं. पुढे त्या परंपरेत आठवणींचे पाठभेदही कुणाचा कुठला ते सांगून जपले गेले. मौखिक इतिहासाची पद्धत आपल्याला विलायतेतून आणायची गरज नाही.

तारखा आणि जेवण थोडक्यात सांगतो. मुसलमानी सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, मागच्या वर्षीचं कॅलेंडर चालत नाही. शुक्रवारी दुपारी मधली सुटी मोठी ठेवा. जैन मुनी चातुर्मासात फिरत नाहीत, त्यांना ऐकायचं तर तुम्ही जा. भंते दुपारी बाराच्या आत जेवतात, जैन पाहुणे सूर्यास्ताच्या आत. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला गावचं कुणी येत नाही. कांदा-लसणाशिवायचं वरण, भात, भाकरी, भाजी केली की सगळे एका पंगतीला बसतात. आचारी कोण हे मात्र आधी विचारून घ्या, कारण "कुणाच्या हातचं" हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत अजून मेलेला नाही, आणि तो जिवंत आहे हे पंगतीतच कळतं.

पत्रिकेवर गावांची आजची सरकारी नावं घाला, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. प्रदर्शनातल्या कागदावर जे लिहिलं असेल, खडकी, औरंगाबाद, उस्मानाबाद, ते तसंच उतरवा. कुणी भांडायला आलं तर कागद दाखवा. पत्रिकेवर देवाचं, गुरूंचं, पैगंबरांच्या नावाचं चित्र किंवा अक्षरचित्र नको. पत्रिका जमिनीवर पडतात, त्यांच्यात भजी बांधली जातात. माझ्या माहितीतला एक कार्यक्रम एवढ्यावरून रद्द झालाय.

पोलीस ठाण्याला आठ दिवस आधी लेखी कळवा, विषय आणि वक्ते यांच्या नावांसह. साध्या कपड्यातला गोपनीय शाखेचा माणूस येईल. त्याला मागे उभं ठेवू नका, पुढे खुर्ची द्या, चहा द्या, टिपणासाठी कार्यक्रमपत्रिका द्या. तो बिचारा आपल्या साहेबाला काय लिहावं याच्या काळजीत असतो. आमच्याकडे यायचा तो तिसऱ्या वर्षी आजीकडचा एक मोडी कागद घेऊन आला होता.

धार्मिक भावना दुखावल्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. ते जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या कृत्याबद्दल आहे. पुराव्यासह, सभ्य भाषेत इतिहास सांगणं हा तो हेतू नव्हे. पण आज भीती कलमाची कमी आणि चाळीस सेकंदांच्या व्हिडिओची जास्त आहे. म्हणून थेट प्रक्षेपण करू नका. पूर्ण चित्रीकरण मात्र स्वतः करा आणि जपून ठेवा. कुणी तुकडा फिरवला तर अख्खा तास दाखवता आला पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्यानं उभं राहून गावाचं नाव सांगावं आणि एका वाक्यात विचारावं. चिठ्ठीची पेटीही ठेवा. मुलींचे खरे प्रश्न चिठ्ठीत येतात. "आमच्या घरात मला दर्ग्यात जाऊ देतात, पण मैत्रिणीच्या घरी जेवू देत नाहीत, असं का?" ही मला आलेली चिठ्ठी. त्यावर मंचावरच्या कुणालाही बोलता आलं नाही. उत्तर श्रोत्यांतल्या एका बाईंनी दिलं, त्या घरकाम करायच्या. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत वावरणारी त्या सभागृहात त्या एकट्याच होत्या.

राहिला १९४८. पहिल्या वर्षी तो विषय घेऊ नका. रझाकारांचा जाच सोसलेली घरं आपल्याकडे आहेत, आणि पोलीस कारवाईनंतर ज्यांची माणसं गेली तीही घरं आहेत. त्या हिंसेची पाहणी करायला केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळानं सर्वात जास्त झळ पोचल्याचे म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. दोन्हीकडचे साक्षीदार आता बोटावर मोजण्याइतके उरलेत, म्हणून घाई करावीशी वाटते. ध्वनिमुद्रण करून ठेवा, आजच. जाहीर कार्यक्रम तिसऱ्या-चौथ्या वर्षी, लोकांना तुमची पंडितवादाची सवय लागल्यावर. आणि तेव्हाही दोन घरं एकाच दिवशी, एकामागून एक, मधे जेवणाची सुटी न ठेवता. सुटी ठेवली की पहिलं ऐकलेले उठून जातात.

पैशाचं म्हणाल तर बहिःशालचं अनुदान तुटपुंजं असतं, तरी पुरतं, कारण आपण शाली घेत नाही आहोत. रागी आणि भजनी मंडळाला प्रवासखर्च आणि शिधा द्या. पाकीट दिलंत तर दोघांनाही सारखं द्या, सगळ्यांसमोर नको. मुजावर, गुरव, सवारीवाले यांच्यासोबत काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती नंतर घरी जाऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांच्यापर्यंत पोचत नाही, नातवाच्या फोनमध्ये राहतो. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी उपस्थितीचा आकडा लागेल. तो कमीच येईल. साठ माणसं तीन दिवस टिकली तर प्राचार्यांना काही म्हणू द्या.

आणि माइकवाल्याला सगळे पैसे आधी देऊ नका. जनरेटर आणतो म्हणतो आणि आणत नाही.